शाल फिरती, नारळ कायमचा

आमच्या व्याह्यांनी ज्याचा सत्कार केला नाही, असा माणूस सोनपेठ तालुक्यात शोधूनही सापडणार नाही. चुकून सापडलाच, तर तो आमच्या व्याह्यांना अजून भेटलेला नसावा, आणि भेटला की त्याच्याही खांद्यावर शाल पडायला फार वेळ लागणार नाही. वेळेवर आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरचा त्यांनी भर स्टँडवर सत्कार केला आणि त्या सत्कारापायी ती एसटी पुढच्या गावाला उशिरा पोचली. गावाची गेलेली लाईट जोडून देणाऱ्या वायरमनचा सत्कार त्यांनी त्याच खांबाखाली केला. भाषण ऐन रंगात आलं असताना लाईट पुन्हा गेली आणि त्या बिचाऱ्याला हातातला नारळ तिथेच ठेवून परत वर चढावं लागलं. अडलेली म्हैस मोकळी करणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना शाल पांघरली, तेव्हा म्हशीला वाईट वाटू नये म्हणून तिच्याही कपाळाला कुंकू लावलं. मी त्यांचा व्याही, माझी एकुलती एक मुलगी त्यांच्या घरात दिलेली, त्यामुळे मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं की माझा सत्कार ठरलेलाच. कारण मिळालं नाही तर ते कारण शोधतात. एकदा तर मी आदल्या खेपेची छत्री आठवणीनं परत घेऊन चाललो होतो, तेवढ्यावर मला दारात थांबवून त्यांनी माझ्या स्मरणशक्तीचा गौरव केला. या सगळ्याला अपवाद एकच, त्यांची नात तनुजा. ती माझीही नात, मुलीची मुलगी. तिच्या खांद्यावर ती शाल काही पडत नव्हती, आणि तिला ती हवी होती. ही सगळी हकीगत त्याचीच आहे.

शाल म्हणजे एकच शाल. डाळिंबी रंगाची, जरीकाठाची, एका टोकाला हळदीचा जुना डाग. त्यांचा नियम पक्का होता : शाल फिरती, नारळ कायमचा. सत्कार झाला, टाळ्या झाल्या, फोटो झाला की व्याही सत्कारमूर्तीच्या खांद्यावरून ती हळूच उतरवून घेत, चौघडी करत आणि स्वतःच्या डाव्या खांद्यावर टाकत. नवख्या माणसाला हे ठाऊक नसायचं. तो शाल धरून ठेवी, व्याही दुसरं टोक धरून हसतमुखानं ओढत, आणि हे ओढणं चालू असताना दोघंही फोटोवाल्याकडे पाहत राहत. नारळाचं मात्र असं नव्हतं. सोनपेठच्या आठवडी बाजारातून ते नारळ कानाजवळ हलवून, पाणी ऐकून, एकेक निवडून आणत. त्यांच्या माजघरात एका कोपऱ्यात गव्हाचं पोतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात नारळाचं पोतं, अशी व्यवस्था मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, घरात कुणाचा तरी नवस फेडायचा राहिला असावा.

नोकरीत असताना ते इतिहास शिकवत. शिकवण्यापेक्षा त्यांचा लौकिक माईकचा. पंचक्रोशीतलं लग्न त्यांच्या आवाजाशिवाय लागत नसे. माईक हातात आला की त्यांच्या तोंडून अशी काही छापील मराठी निघे की समोरच्या वऱ्हाडाला आपण नक्की लग्नालाच आलोय ना, अशी शंका यावी. माईक खाली ठेवला की तेच गृहस्थ, ‘आरं, वाढपी कुठं मेलेत, पंगत बसून ऱ्हायलीय की,’ असं मोकळं बोलू लागत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी दोन्हीकडच्या पाहुण्यांचे सत्कार काढले ते संपेचनात. वऱ्हाडी अक्षता मुठीत धरून उभे, काही अक्षता घामानं हाताला चिकटून बसल्या, मुहूर्त टळायची वेळ आली. शेवटी भटजींनी स्वतःच माईक ओढून मंगलाष्टक सुरू केलं. व्याह्यांनी ते शांतपणे संपू दिलं आणि मग समयसूचकतेबद्दल भटजींचा सत्कार केला.

असा माणूस बास्केटबॉलमध्ये कसा शिरला, याचं मला नवल वाटत नाही, कारण तो कशातही शिरला असता. गेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या काही शाळांनी मिळून मुलींचे साखळी सामने ठरवले. पावसाळा सरल्यापासून संक्रांतीपर्यंत, रविवारी रविवारी, आज या गावी तर उद्या त्या गावी. सोनपेठच्या शाळेतही टीम उभी राहिली. शिकवायला एक तरुण क्रीडाशिक्षिका होत्या, अंगानं किरकोळ आणि आवाजानं खणखणीत. पण मुली परगावी जाणार म्हटल्यावर पालकांनी बरोबर एखादं जबाबदार, वयस्कर माणूस पाहिजे असा आग्रह धरला. जबाबदार आणि वयस्कर यातलं निदान एक कलम तरी व्याह्यांना निर्विवाद लागू होतं, त्यामुळे त्यांना बोलावणं गेलं. तनुजा टीममध्ये होतीच. दहावीचं वर्ष, आईचा विरोध, तरी तिनं घरात चेंडू आपटून आपटून होकार मिळवला होता.

खेळाचं व्याह्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी ते मैदानावर गेले, खांबावरच्या जाळीखाली उभे राहून बराच वेळ वर पाहत राहिले आणि बाईंना म्हणाले, ‘बाई, ह्या टोपल्याला तर बूडच न्हाई. मग बॉल जमा कशात व्हतंय?’ बाईंनी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि नियम समजावून सांगण्याच्या हातोटीबद्दल दुसऱ्या दिवशी बाईंचा सत्कार केला.

पहिला सामना परभणीला होता. मी मूळचा पेडगावचा, पण कचेरीतली कारकुनी संपल्यावरही परभणीतच राहिलो, म्हणून पाहायला गेलो. घरची पोरगी खेळते म्हटल्यावर जायलाच हवं होतं. परभणीच्या मुली उंच, सरावलेल्या, एकसारख्या बुटातल्या. आमच्या मुलींपैकी दोघींनी तर चेंडू अंगावर आला की चेहरा वळवायचा एवढाच बचाव शिकून ठेवला होता. तनुजा चेंडू आपटत पुढे न्यायची, पण खाली मान घालून, चेंडूकडे बघत, त्यामुळे समोर कोण आहे हे तिला धडकल्यावरच कळे. परभणीच्या बास्केटमागून बास्केट पडत गेल्या. आमची एकच पडली. शिवकन्या नावाची एक उंच, अबोल मुलगी होती. तिनं घाबरून चेंडू दूर भिरकावला, तो फळीवर आपटला आणि जाळीतून खाली आला. स्वतः शिवकन्येला ते बराच वेळ पटलं नाही. व्याही मात्र खुर्चीवरून उठले, पिशवीतून शाल काढली आणि चालू सामन्यात मैदानाकडे निघाले. बाईंनी त्यांचा सदरा मागून धरला म्हणून अनर्थ टळला.

सोमवारी प्रार्थनेनंतर साऱ्या शाळेसमोर शिवकन्येचा सत्कार झाला. ताट धरायला तनुजा उभी होती. ताटात शाल, नारळ, जास्वंदीचा हार. ‘पराभवाच्या घनघोर अंधारात एक दीपकळी तेवली,’ असं काहीसं व्याही बोलले. शिवकन्येचे आईवडील कापसाची वेचणी सोडून आले होते. आई पदरानं डोळे पुसत होती. शिवकन्या नारळ पोटाशी धरून उभी राहिली, आणि खाली रांगेतल्या बाकीच्या मुलींनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यातून पुढचं सगळं घडलं.

पुढच्या सामन्यात कुणी कुणाला चेंडूच देईना. ज्या मुलीच्या हाताला तो लागे ती उभी असेल तिथून, मैदानाच्या मधून, कडेनं, एक तर स्वतःच्याच टोपल्याखालून, समोरच्या टोपल्याकडे फेकून मोकळी होई. एका चेंडूसाठी आमच्याच दोघी एकमेकींशी झटल्या. कडेनं ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला. सामना हरलो, पण इतक्या वेळा फेकल्यावर काही चेंडू आत जाणारच, त्यामुळे गुण आधीपेक्षा बरे पडले. परतीच्या एसटीत बाईंनी व्याह्यांना बाजूला घेतलं. मग व्याह्यांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी जी मुलगी दुसरीला सर्वांत चांगला पास देईल तिचा सत्कार.

तो रविवार मी विसरणार नाही. मुलींनी पासच पास दिले. शिवकन्या टोपल्याच्या अगदी खाली, अडवायला कुणी नाही, नुसता हात वर केला की बास्केट, आणि तिनं चेंडू शेजारणीला दिला. शेजारणीनं तो तिला परत दिला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी दारात उभं राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करावं तसा तो चेंडू फिरत राहिला. शेवटी टाकायचा वेळ संपला म्हणून शिट्टी वाजली आणि चेंडू विरुद्ध बाजूला गेला. माझ्या शेजारी बसलेले परगावचे एक गृहस्थ म्हणाले, ‘पोरी संस्काराच्या दिसतात.’ आम्ही अर्थात हरलो.

मला वाटलं, इथं हा प्रकार थांबेल. पण बाई हुशार होत्या. ज्या गोष्टीसाठी त्या महिनाभर कंठशोष करत होत्या आणि मुली ऐकत नव्हत्या, ती गोष्ट एका नारळात होते हे त्यांनी ओळखलं. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी त्या व्याह्यांच्या कानात काहीतरी सांगत आणि व्याही ते दवंडीसारखं जाहीर करत. कधी चेंडू गेल्यावर जी सगळ्यांच्या आधी मागे धावेल तिचा सत्कार, कधी फळीवरून परत आलेला चेंडू उडी मारून धरणारीचा, कधी पास आणि बास्केट या दोन्हींच्या जोडीचा, म्हणजे दोघींना मिळून एक शाल. त्या फोटोत दोघीजणी एका शालीत उभ्या आहेत. असं करत करत मुली एकेक गोष्ट शिकत गेल्या, आणि आधी शिकलेली विसरल्या नाहीत, कारण शाल गेली तरी नारळाची चटणी घरच्यांनी खाल्लेली होती आणि घरचे ती आठवण मोडू देत नव्हते. हरण्यातलं अंतर कमी होत गेलं. चुडाव्याच्या मैदानावर आम्ही पहिला सामना जिंकलो, तेव्हा राखीव बाकावर बसून न थांबता टाळ्या वाजवल्याबद्दल वैष्णवी नावाच्या मुलीचा सत्कार झाला. वैष्णवी तोवर मैदानात उतरलीच नव्हती. टाळ्यांनी तिचे तळवे खरंच सुजले होते.

मध्ये एकदा घोटाळाही झाला. गावाचं नाव सांगत नाही, तिथे आमचे आणखी काही नातेवाईक आहेत. सामन्याआधी पंच मैदानात आले. ते परगावचे, उन्हातून मोटारसायकलवर आलेले. परगावचा माणूस आला आणि त्याचा मानपान झाला नाही, हे व्याह्यांच्या डोळ्यांना सोसवेना. बाई मुलींच्या नाड्या बांधत होत्या तेवढ्यात त्यांनी पंचांना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि ‘आपल्या निष्पक्ष कर्णमधुर शिट्टीचा’ गौरव केला. समोरच्या गावचे लोक उठून उभे राहिले. पंचांना नारळ सामना सुरू व्हायच्या आधीच फुकट का मिळाला, असा त्यांचा सवाल होता. पंच बिचारे सज्जन. आपण विकले गेलो नाही हे दाखवायला त्यांनी आमच्या मुलींवर अशा शिट्ट्या फुंकल्या, की चुकांचा आकडा भरून एकेक करून आमच्या मुली बाहेर जाऊ लागल्या. बाईंनी परतीच्या वाटेवर व्याह्यांकडून वचन घेतलं, की सत्कार सामना संपल्यावर आणि फक्त आपल्या मुलींचा. व्याह्यांनी वचन दिलं. थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘पण मानूस चांगला व्हता. येवढं रामायण झालं, तरी नारळ वापस दिला न्हाई त्यानं.’

या सगळ्यात सर्वांत जास्त सुधारली ती तनुजा. मी कारकून माणूस, मला खेळातलं कळत नाही, पण एवढं दिसत होतं की आता ती चेंडूकडे बघत नाही. चेंडू आपला तिच्या हाताखाली पाळीव जनावरासारखा चाले आणि तिची नजर समोर, कोण मोकळी आहे ते शोधत. बुटकी असल्यामुळे ती उंच मुलींच्या बगलेतून निघून जाई, आणि एकीकडे बघत दुसरीकडे पास देई. शिवकन्येच्या बास्केटा, त्या जोडीची शाल, चुडाव्याचा विजय, सगळं तिच्या हातातून गेलेलं. बाई मला म्हणाल्या, ‘ही नसती तर बाकीच्यांचे नारळ पोत्यातच राहिले असते.’ एकेक करून टीममधल्या सगळ्या मुलींचे सत्कार झाले. तनुजाचा झाला नाही. प्रत्येक सत्काराला ती आपली शेजारी ताट धरून उभी असे, घरची म्हणून. सुरुवातीला हसत उभी असायची. नंतरच्या फोटोंमध्ये ती ताटाकडे बघताना दिसते.

एक दिवस माझ्या मुलीचा फोन आला. ‘बाबा, तुम्ही एकदा आबांशी बोलून बघा. पोरगी काही बोलंना झालीय. काल म्हनली, आबाला साऱ्या जगाचा खेळ दिसतो, माझाच तेवढा दिसत न्हाई. म्हनली, शेवटची मॅच झाली की बॉल कुनाला तरी देऊन टाकते.’ व्याह्यांकडे मुलीच्या वतीनं काही मागायला जाणं किती अवघड असतं, हे मुलीच्या बापालाच ठाऊक. मी सोनपेठला गेलो. उंबऱ्यातच, एवढ्या उन्हात आल्याबद्दल, माझा सत्कार झाला. ताट तनुजानंच धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

चहा झाल्यावर मी विषय काढला. व्याही डाव्या खांद्यावरच्या शालीची घडी उगाच सारखी करत म्हणाले, ‘इवाई, मला काय दिसत न्हाई व्हय? डोळे फुटले न्हाईत माझे. पोरगी लय खेळायलीय. पन घरच्यानं घरच्याचा सत्कार केला, तर बाकीच्या सत्काराला काय किंमत ऱ्हाती? त्या शिवकन्येची माय कापूस टाकून आली व्हती. उद्या लोक म्हनतील, म्हाताऱ्यानं नातीसाठी सारा खटाटोप मांडला, बाकीच्या पोरी निस्त्या निमित्ताला. मंग तिच्या नारळाचं काय झालं सांगा.’

मी म्हटलं, ‘मग दुसऱ्या कुणाच्या हस्ते करा.’

‘हात दुसऱ्याचा आसंल, पन शाल माझीच की,’ ते म्हणाले.

आमचे जावई, म्हणजे त्यांचे चिरंजीव, कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते पेपर खाली न घेताच म्हणाले, ‘मामा, मी बारावीला तालुक्यात पहिला आलो व्हतो. त्या दिवशी ह्यांनी दुसऱ्या नंबरवाल्याचा सत्कार केला. ताट मी धरलं.’ ते हसत सांगत होते. पण इतक्या वर्षांनी त्यांना त्या दुसऱ्या नंबरवाल्याच्या शर्टाचा रंगसुद्धा आठवत होता. मला तेव्हा व्याह्यांचा रागच आला. माणसानं तत्त्वं जरूर पाळावीत, पण ती घरातल्या लहान माणसांच्या जिवावर का पाळावीत, हे मला कळत नाही. मी निघालो. व्याही स्टँडपर्यंत सोडायला आले.

शेवटचा सामना पुन्हा परभणीला, पहिल्याच सामन्यातल्या त्या उंच मुलींशी. सोनपेठहून पालकांनी एक टेम्पो भरून आणला होता. सुरुवातीलाच परभणीच्या मुलींच्या लक्षात आलं, की या त्या मुली नव्हेत. आमच्या मुली मागे धावत होत्या, उड्या मारत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. शिवकन्या टोपल्याखाली पाय रोवून उभी होती. आणि सगळ्यांच्या मधून तनुजा. तिला अडवायला त्यांनी एक मुलगी ठेवली, मग दोघी ठेवल्या. दोघी आल्या की तिसरी मोकळी होते, आणि ती मोकळी तनुजाला बरोबर दिसे. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, असं नंतर मला सांगण्यात आलं. माझा त्यावर विश्वास नाही.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागे होतो. आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला आणि बाईंनी वैष्णवीला उतरवलं, ती टाळ्यांची सत्कारमूर्ती. चेंडू तनुजाकडे आला. ती एकीला चुकवून टोपल्यापर्यंत पोचली. ती तिथून नेहमी टाकायची, आणि तो चेंडू बहुतेक आत जायचा. सगळ्यांना वाटलं आता टाकणार. व्याही उभे राहिले. तोवर दोन उंच मुली हात वर करून तिच्या अंगावर आल्या, आणि तनुजानं त्या दोघींच्या मधून चेंडू वैष्णवीला दिला. वैष्णवी अगदी एकटी, टोपल्यासमोर. तिनं टाकला. चेंडू कड्यावर बसला, गोल फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली. आम्ही एका गुणानं हरलो.

वैष्णवी तिथेच खाली बसली आणि तोंड झाकून रडू लागली. सोनपेठच्या टेम्पोतल्या माणसांतलं कुणीतरी मागून म्हणालं, ‘हिला कशाला दिला? सोता टाकायचा ना.’ शाल पिशवीत होती, पिशवी व्याह्यांच्या पायाशी. तनुजा मैदानातून सरळ चालत आली. केस घामानं कपाळाला चिकटलेले, गुडघा खरचटलेला. ती आजोबांकडे न बघताच खाली वाकली, पिशवीतून शाल काढली, नारळ काढला आणि तशीच परत मैदानात गेली. वैष्णवीला तिनं हात धरून उठवलं, खांद्यावर शाल टाकली, दोन्ही टोकं पुढे नीट घेतली, आजोबा घेतात तशीच, आणि नारळ हातात दिला. मग आजूबाजूला बघून मोठ्यानं म्हणाली, ‘आरं, टाळ्या वाजवा की! ती उभी राहिली होती तिथं. कुनी उभं राहतं का तिथं?’

आधी परभणीच्याच मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग टेम्पोवाल्यांनी.

आमच्या व्याह्यांच्या समोर सत्कार झाला आणि त्यांनी भाषण केलं नाही, असं माझ्या माहितीत तरी एवढ्या एकाच वेळी घडलं. वैष्णवीला नियम ठाऊक होता. रडं आवरल्यावर तिनं शाल उतरवली, चौघडी केली आणि तनुजाला दिली. तनुजा ती घेऊन आजोबांपुढे आली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तिला वाटलं असावं, आता बोलणी बसणार.

व्याह्यांनी शाल घेतली नाही. एक हात पुढे केला होता, तो मागे घेतला. ‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘तुझ्यापाशीच राहू दे. जो सत्कार करतो, शाल त्याच्याकडं ऱ्हाती.’ मग म्हणाले, ‘काठ आतल्या अंगाला घे, घडी करताना. न्हाईतर जर उसवती.’ तनुजानं घडी मोडली आणि काठ आत घेऊन पुन्हा केली. मी दुसरीकडे पाहू लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते व्याह्यांना दिसलं असतं तर त्यांनी त्याबद्दलही काही तरी केलं असतं.

तनुजा आता अकरावीला लातूरला हॉस्टेलवर आहे. चेंडू बरोबर नेलाय, आणि शालही. टीममधल्या बहुतेक मुली अशाच कुठे कुठे पांगल्या. शिवकन्येचं शिक्षण तिच्या मामाच्या गावी चालू आहे. यंदा शाळेत नवी टीम झाली आहे, बाई त्याच आहेत, आणि चेंडू अंगावर आला की चेहरा वळवणाऱ्या मुलीही पुन्हा आल्या आहेत. व्याही सामन्यांना जातात. नारळ नेतात. भाषण होतं, पण मग शालीच्या वेळी त्यांचा उजवा हात सवयीनं डाव्या खांद्याकडे जातो, तिथे काही नसतं, आणि ते लोकांना सांगतात, ‘शाल गावाला गेलीय.’ नवी शाल घ्या म्हणून मी सुचवलं. एक चांगली शाल घेऊनही गेलो होतो. ती त्यांनी ठेवून घेतली, कपाटात ठेवली आणि अजून बाहेर काढलेली नाही.

परवाच्या रविवारी मी तिथेच होतो. तनुजाचा फोन आला. माझ्याशी ती दोन शब्द बोलली, आईशी चार बोलली, आणि मग व्याह्यांनी फोन हातात घेतला. अभ्यास, जेवण, तब्येत, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

‘या आठवड्यात कुनाचा केलास?’ ते म्हणाले.

पलीकडून ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. तिच्या खोलीतल्या एका मुलीला घरची फार आठवण येत होती, ती पिशवी भरून परत निघाली होती आणि मग राहिली, असं काहीसं. व्याही हुं हुं करत ऐकत होते.

‘लय चांगलं केलंस,’ ते म्हणाले. ‘नारळ दिला का?’

‘आबा, इथं नारळ फोडू देत न्हाईत,’ तिचा आवाज मलाही ऐकू आला.

‘मंग निस्ती शाल,’ व्याही म्हणाले. ‘चालतंय. निस्त्या शालीनंबी चालतंय.’

त्यांनी फोन सुनेकडे दिला आणि बाजेवर येऊन बसले. मी निघायची तयारी करत होतो, दारात पायताण घालताना आता सत्कार होणार म्हणून नेहमीसारखा थांबलो. ते उठले, माझ्यापर्यंत आले आणि रिकामे हात तसेच पुढे करून त्यांनी माझे दोन्ही खांदे नीट दाबले, वर खरोखरच काही पांघरल्यासारखे. ‘या परत, इवाई,’ ते म्हणाले. स्टँडपर्यंत मी जरा जपूनच चालत गेलो.